शुक्रवारचं एक मिनिट

घोडेगाव, ता. नेवासा
७ जून १९९९

श्री. गोरक्ष कारभारी रोडे यांस,

पत्रास कारण एवढेच, की आपल्या नावावर असलेला बिलाचा मोबाईल बंद करून कार्डाचा, म्हणजे प्रीपेड म्हणतात तो, घेण्याचे मी ठरवले आहे. आपण बाजारातून निघून गेलात तेव्हा मोबाईल माझ्या टॉवेलावर ठेवून गेलात. नाव आपले, करार आपला आणि बिल भरणारा मी, असे गेले नऊ महिने चालले आहे. नगरच्या दुकानात चौकशी केली. ज्याच्या नावाचा करार त्याची सही पाहिजे म्हणतात. फॉर्म सोबत आहे. खाली डावीकडे पेन्सिलीने फुली मारली आहे, तिथे सही करून उलट टपाली पाठवावा.

कार्डाचे बरे असते. आधी भरायचे आणि मग बोलायचे. करारात तोंड उघडले नाही तरी महिन्याचे भाडे चुकत नाही. बाजारात रेंज म्हणाल तर जनावरं टेम्पोत चढवायच्या धक्क्यावर उभे राहिल्याशिवाय येत नाही. मी वर चढलो की लोक म्हणतात, भाऊसाहेबांचे भाषण सुरू झाले. नंबर मात्र बदलेल. त्याला इलाज नाही, आणि त्यावाचून कोणाचे अडणारही नाही.

आपण देवळालीला सासुरवाडीच्या जागेत टेलिफोनचे बूथ टाकल्याचे कळले. आनंद आहे. एप्रिलात माझ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. कळवले नव्हते. आता लांबून जनावराचे दात दिसत नाहीत, पण घड्याळाचे काटे दिसतात. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. हे लिहायचे कारण नव्हते, पण कागद उरला होता.

सही तेवढी लवकर करावी.

भाऊसाहेब कारभारी रोडे


घोडेगाव
२१ जून १९९९

गोरक्ष यास,

फॉर्म मिळाला. चार दिवसांत आला. आपलं टपाल एवढं जलद आहे हे मला माहीत नव्हतं.

मागच्या पत्रात तुला ‘आपण’ म्हणायचं ठरवून बसलो होतो. दोन ओळींत हात अवघडला. तू माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान. बाप गेल्यावर तुला खांद्यावर बसवून बाजारात नेलंय मी, तुला काय आपण म्हणायचं! तेव्हा ते सोडून दिलं. राग सोडला असं समजू नकोस.

फुलीवर सही केलीस, अगदी नीट केलीस. पण फॉर्मबरोबर चार अक्षरं नाहीत. मी कागद उलटा करून पाहिला. पाकिटात फुंकर घालून आत पाहिलं. तुझी वहिनी चुलीपाशी बसली होती, म्हणाली, “काय सापडतंय का?” मी म्हणालो, “कंपनीची पावती शोधतोय.” ती म्हणाली, “व्हय, दिसतंय मला.”

ह्या आठवड्यात नगरला जाऊन फॉर्म देतो. म्हणजे तुझं नाव माझ्या दारात यायचं बंद होईल. पोस्टमन दर महिन्याला ओट्यावर उभा राहून ‘गोरक्ष रोडे’ अशी हाक मारतो आणि मी ‘आहे’ म्हणतो. आता त्यालाही सवय मोडावी लागेल.

भाऊसाहेब


घोडेगाव
३ जुलै १९९९

गोरक्ष,

नगरला जाऊन आलो. फॉर्म अजून दिलेला नाही. का ते सांगतो, पण मला माझ्या पद्धतीने सांगू दे.

दुकानात जयमाला नावाची मुलगी बसते. हुशार आहे. तुझा फॉर्म बघून म्हणाली, काका, मागची तीन बिलं दाखवा, भरलीत ना, मग लगेच बंद करून टाकते. मी पिशवीतून बिलं काढली. खरं सांगतो, मी आजवर पहिल्या पानावरचा शेवटचा आकडा बघून बिल भरत आलो. आतली पानं उघडलीच नव्हती. तिने उघडली आणि म्हणाली, “काका, आलेल्या फोनचेही पैसे लागतात तुम्हाला, माहितीये ना? हे बघा. हा कोण आहे, दर शुक्रवारी सकाळी आठला करतो आणि एका मिनिटात ठेवतो?”

मी चष्मा लावला. करणाऱ्याचा नंबर तिथे छापत नाहीत, नुसती तारीख, वेळ आणि मिनिटं. एका खाली एक शुक्रवार होते. आठ वाजून पाच, आठ वाजून तीन, आठ वाजून सात. सगळे एक मिनिट.

ते फोन मला आठवत होते. आठला बाजार उघडतो, मी धक्क्यावर चढलेला असतो, आणि तेव्हा एक फोन येतो ज्यात कोणी बोलत नाही. रेंज नसेल, श्रीरामपूरचा एखादा व्यापारी असेल, असं मी धरून चाललो होतो. हॅलो हॅलो करून घसा बसायचा. एकदा तर “तोंडात गुळणी धरलीय का रे?” म्हणून ओरडलो होतो. धक्क्याखाली सगळे हसले.

जयमाला म्हणाली, “रॉंग नंबर असेल. नंबर बदलला की हा त्रास जाईल. आणि कार्डावर ही अशी पानंही येत नाहीत.”

मी तिला म्हणालो, फॉर्म दोन दिवस तुझ्या टेबलाच्या कप्प्यात राहू दे.

ती म्हणाली, बोलतच नाही त्याच्यासाठी कशाला थांबायचं? मग मी तिला आपल्या बाजाराचं सांगितलं. म्हटलं, बाई, आमच्याकडे बैलाचा भाव कोणी तोंडाने बोलत नाही. दलाल मालकाचा हात हातात घेतो, वर टॉवेल टाकतो, आणि आत बोटं दाबतो. एक बोट म्हणजे एक हजार, सगळा पंजा म्हणजे पाच. मग गिऱ्हाइकाकडे जाऊन तसंच. आजूबाजूला शंभर माणसं उभी असतात, पण कोणाला कळत नाही. आमच्यात मोठं बोलणं मुक्यानेच होतं. तिला इतकी गंमत वाटली की तिने स्वतःचा रुमाल काढून माझ्या हातावर टाकला आणि कार्डाची किंमत बोटांनी सांगितली. चुकीची सांगितली, पण हात चांगला आहे तिचा.

आता एकच विचारतो. शुक्रवारी सकाळी आठ वाजता तू बूथवर असतोस का? असंच विचारतोय.

भाऊसाहेब


घोडेगाव
१० जुलै १९९९

चि. गोरक्ष,

तुझं उत्तर आलं नाही. पण काल शुक्रवार होता.

आठ वाजून चार मिनिटांनी फोन वाजला. मी हॅलो म्हणालो नाही. कोण बोलतंय विचारलं नाही. मोबाईल हातात उंच धरला आणि बाजाराकडे तोंड करून उभा राहिलो. खिलारांच्या घुंगरमाळा, बनुबाईच्या टपरीवरचा स्टोव्ह, आणि सोनईच्या त्या दोघा भावांचं भांडण, जे तू जाण्याआधी सुरू होतं ते अजून चालू आहे. मिनिट झालं आणि फोन ठेवला गेला. मग मी खाली उतरून बनुबाईकडे दोन चहा मागितले. तिने विचारलं, “दुसरा कोनाला?” मी म्हणालो, ठेव. आणि दोन्ही मीच प्यायलो.

घरी येऊन तुझ्या वहिनीला सांगितलं. म्हटलं, गोरक्ष दर शुक्रवारी फोन करतो आणि बोलत नाही. मला वाटलं ही थक्क होईल. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली.

म्हणाली, “मला ठाव हाय.”

“तुला कसं ठाऊक?”

“तुमच्या डोळ्याचं आपरेशन झालं त्या दिशी म्या उचलला हुता की. शुक्रवारच हुता. दवाखान्यात मोबाईल माझ्यापाशी हुता. कोन बोलंना. मंग म्याच म्हनले, आवं ते आत हायत, डोळ्याचं हाय, काळजीचं काई न्हाई. जेवला का?”

मी म्हणालो, “आणि?”

“आनि काय, ठेवला. मंग पाच मिन्टांनी पुन्यांदा आला. मंग पुन्यांदा. चार बारी आला. चवथ्याला म्या सांगितलं, आले भाईर, पट्टी बांधलीया, चहा मागत्यात. तवा कुठं थांबला.”

मी जाऊन एप्रिलचं बिल काढलं. सोळा तारीख, चार फोन. बाकी सगळ्या शुक्रवारी एक, त्या दिवशी चार.

तुझी वहिनी तीन महिने हे पोटात घेऊन बसली. मी विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, “तुमी इचारलं न्हाई. आनि तुमाला सांगितलं असतं तर तुमी तोंडानं काईतरी बोलून घालवलं असतं.” मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

गोरक्ष, तो फॉर्म कप्प्यात आहे. मी तो दिला की हा नंबर मरेल. मग आठ वाजता तू कुठे लावणार? मीच तुझ्याकडून घाईने सही मागून घेतली आणि तू मुकाट्याने करून दिलीस. असा शहाणपणा मी आयुष्यात बऱ्याचदा केलाय.

भाऊसाहेब


घोडेगाव
२५ जुलै १९९९

चि. गोरक्ष यास अनेक आशीर्वाद,

आज रविवार. गुरं धुऊन झाली, पोटभर जेवलो, आणि आता लिहायला बसलोय. गेल्या तीन शुक्रवारी तुझा फोन आला. मीही बोललो नाही. मुक्याने जेवढं व्हायचं तेवढं झालं. आता एक गोष्ट मला लिहूनच सांगायची आहे, कारण तोंडाने मी ती फिरवून सांगेन.

गावात आणि पाहुण्यांत मी सगळ्यांना काय सांगितलं ते तुझ्या कानावर आलं असेल. गोरक्षने भर बाजारात मोबाईलवर ओरडून भाव फोडला, रीत मोडली, म्हणून मी थोबाडीत मारली आणि तो रागाने गेला. ऐकणारे माना हलवायचे. मलाही सांगून सांगून ते खरं वाटायला लागलं होतं.

पण त्या दिवशी काय झालं ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि मालनबाईला माहीत आहे. पाथर्डीकडची ती बाई, जोडीतला एक बैल मेला म्हणून दुसरा विकायला आली होती. टॉवेलाखाली तिचा हात माझ्या हातात होता. मी पंधरा दाबले होते आणि ती मान हलवणार होती. माझ्याशेजारी तू मोबाईलवर राहुरीच्या गिऱ्हाइकाशी बोलत होतास. रेंज जात होती म्हणून ओरडलास, “व्हय, अठरा! अठरा हजार कबूल!” तुला वाटलं मी तिकडेही अठराच दाबतोय. वाटणारच. मीच तुला शिकवलं होतं, की टॉवेलाखाली दोन्हीकडे एकच भाव दाबायचा आणि आपली दलाली उघड मागून घ्यायची.

मालनबाईने हात काढून घेतला. झटकला नाही, हळू काढून घेतला. टॉवेलाखाली माझा एकट्याचा हात राहिला. मग मी तुला मारलं. तू काही चुकलास म्हणून नाही. सगळ्यांनी माझ्या हाताकडे बघायच्या आत तुझ्या गालाकडे बघावं म्हणून मारलं.

थोबाडीत मारलेली तू संध्याकाळपर्यंत विसरला असतास. लहानपणी विसरायचास. तू गेलास ते मी मधल्या मध्ये खाणार होतो त्या तीन हजारांमुळे. मला हे पहिल्या दिवसापासून कळत होतं. चुकलो मी. तुझा गुन्हेगार आहे, आणि त्या बाईचाही.

परवा पाथर्डीची एसटी धरून मालनबाईकडे गेलो होतो. बैल अजून तिच्याच दावणीला आहे. मी ओट्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “भाऊसायब, मला तवाच कळलं हुतं. तुमी दलाल मानूस, तुमचं मला नवल न्हाई वाटलं. पर त्या पोरानं खरं बोलून मार खाल्ला, त्याचं लई वाईट वाटलं. त्याला बोलवलं का घरी?”

 ती आत गेली, पाणी आणलं आणि म्हणाली, “सहा तारखेच्या बाजाराला बैल घिऊन येते. पर टावेल नगं. मला ऐकू यील असं इका.”

गोरक्ष, तीस वर्षांत मला असं कोणी सांगितलं नव्हतं. येताना एसटीत मी एकटाच हसत होतो. कंडक्टर दोनदा वळून बघून गेला.

तुझा दादा


घोडेगाव
७ ऑगस्ट १९९९

चि. गोरक्ष,

कालची गोष्ट तुला अर्धी माहीत आहे. बाकीची अर्धी सांगतो.

मालनबाई सातलाच बैल घेऊन आली. शिंगांना हिंगूळ लावून, अंगावर झूल टाकून. पोळ्याला अजून महिना आहे, पण हिचा पोळा कालच होता. बाजारात बातमी फिरली होती की भाऊसाहेब आज टॉवेल न टाकता विकणार आहे. बनुबाईसुद्धा स्टोव्ह बारीक करून बघायला आली. मी मालनबाईला म्हणालो, चला वर. ती पदर खोचून माझ्याबरोबर धक्क्यावर चढली. मी राहुरीचं तेच गिऱ्हाईक लावलं. सगळा बाजार खाली उभा. मी मोबाईलवर अख्ख्या घोडेगावाला ऐकू जाईल अशा आवाजात भाव सांगितला. ते वीसवर गेलं. मी मालनबाईकडे बघितलं, तिने मान हलवली. मी ओरडलो, “वीस कबूल! आणि माझी दलाली वेगळी, ती मी तुमच्याकडून उघड घेणार!” खाली कोणीतरी शिट्टी वाजवली. तो गोंगाट तू ऐकायला हवा होतास.

आणि मग आठ वाजून सहा मिनिटांनी तुझा फोन आला.

मी अजून दमलेलोच होतो. रीत विसरून बोलून गेलो. म्हणालो, “गोरक्ष, मालनबाईचा बैल गेला. वीसला. तोंडाने बोलून विकला.”

तिकडे शांत. मला वाटलं, घालवला मी. तुझ्या वहिनीचं खरं झालं. मी मोबाईल कानाला दाबून धरला आणि तू म्हणालास,

“गेल्या साली चार दाती हुता. आता किती दाती हाय?”

दहा महिन्यांनी भावाचा आवाज ऐकावा आणि त्याने बैलाचे दात विचारावेत! मी म्हणालो, “सहा.” तू म्हणालास, “मंग वीस बरूबर हाय.” आणि मिनिट संपलं.

मी धक्क्यावर तसाच उभा. मालनबाईने विचारलं, कोण होतं? मी म्हणालो, माझा धाकटा. ती म्हणाली, “मंग रडताय कशापाई, उतरा खाली, लोकं बघत्यात.” मी डोळ्याच्या ऑपरेशनवर ढकललं. खाली उतरून बनुबाईकडे सगळ्यांना चहा सांगितला.

आज सकाळीच नगरला जाऊन फॉर्म देऊन आलो. जयमालाने कप्प्यातून काढला, शिक्का मारला. तुझा करार ह्या महिनाअखेरीला बंद. ती म्हणाली, “काका, नवं कार्ड लगेच देऊ?” मी विचारलं, अजून कुठे कुठे मिळतात गं ही कार्डं? तिने यादी वाचली. शेवगाव, राहुरी, संगमनेर, आणि देवळाली प्रवरा, गोरक्ष टेलिफोन सेंटर. मी म्हणालो, मग मी तिथेच घेतो. ती म्हणाली, काका, तुम्हाला नगर जवळ, देवळालीला दोन गाड्या बदलाव्या लागतील. दर वेळी कार्ड संपलं की एवढ्या लांब जाणार? मी तिचा हात घेतला, रुमाल टाकला आणि सौदा ठरल्यावर दाबतात तसा अख्खा हात घट्ट दाबला. तिला कळलं नाही. म्हणाली, ह्याचा अर्थ काय? मी म्हणालो, कबूल.

मंगळवारी दहा तारखेला येतो. बुधवारचं चाललं असतं, पण त्या दिवशी ग्रहण आहे आणि तुझी वहिनी घराबाहेर पाय टाकू देणार नाही. तीही माझ्याबरोबर येते आहे. शेंगदाण्याची चटणी कांडून झाली आहे आणि धाकटी जाऊ म्हणून तिने रश्मीसाठी खण घेतलाय. रश्मीला सांग, जेवायला आहोत. सकाळच्या पहिल्या गाडीने निघू.

नवा नंबर तू तुझ्या हाताने काढून दे. तुझ्याखेरीज तो आधी कोणाला सांगणार नाही. आता शुक्रवारी आठला फोन केलास तर बोल. माझ्या कार्डातले पैसे जातील, जाऊ देत.

कोणतं कार्ड पाहिजे, असं तू विचारशील. मोठं घेतलं तर दोन महिने बघावं लागत नाही, असं जयमाला सांगत होती. मला सगळ्यांत लहान दे. लवकर संपलं पाहिजे.

दादा